"बाबांना सांग की..."

फॅमिली काऊन्सेलिंगला जाणाऱ्या घरांची एक गंमत असते बघा. जातात सगळे मिळून, पण मनातल्या मनात प्रत्येकाला वाटत असतं की आपण कोणाला तरी घेऊन चाललोय. आईबाप पोराला घेऊन चाललेले असतात, बायको नवऱ्याला, सून सासूला आणि सासू सुनेला, तेही एकाच गाडीत बसून. बिघडलंय ते एकच माणूस, आपण नुसते सोबतीला, तिकडे त्याला जरा नीट समजावून सांगतील आणि मग घरी आल्यावर सगळं सुरळीत, असा एकूण हिशोब. आमच्या घराचा हिशोब काही वेगळा नव्हता. आम्ही दादाच्या मुलाला घेऊन गेलो होतो.

तो तेव्हा चौदा वर्षांचा. शाळेच्या दिवशी सकाळी हमखास पोटात दुखायचं, पण सुट्टीच्या दिवशीही मधूनच दुखायचं, त्यामुळे नाटकं करतोय असंही म्हणता येईना. सगळ्या टेस्ट झाल्या, सोनोग्राफी झाली, रिपोर्ट नॉर्मल. शेवटी डॉक्टरांनी विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना, तर दादा, वहिनी आणि आई तिघंही एकदम "हो हो, घरी काहीच नाही" म्हणाले. डॉक्टर नुसते हसले आणि एका काऊन्सेलरबाईंचा नंबर दिला, वर म्हणाले की मुलाला एकट्याला पाठवू नका, घरात जे जे आहेत ते सगळे जा. मी त्या घरात राहत नाही, पण फोनवरून त्या घरात इतकी असते की मलाही बोलावलं गेलं. बाबा आले ते फक्त नातवासाठी, आणि हे त्यांनी तिथे खुर्चीत बसल्या बसल्या जाहीरही करून टाकलं.

आणि त्या बाईंनी पोटदुखीबद्दल धड पाच मिनिटंसुद्धा विचारलं नाही हो. त्यांनी विचारलं, या घरात कोण कोणाशी थेट बोलतं?

साधा प्रश्न, पण सगळे गप्प. कारण बाबा आणि दादा थेट बोलत नव्हते. भांडण म्हणावं तर तसं भांडण झालेलं नव्हतं, कोणी कोणाला लागेल असं काही बोललेलं नव्हतं (निदान कोणाला आठवत तरी नव्हतं), दादानं नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं तेव्हापासून बोलणं आटत गेलं ते आटतच गेलं. पण घर तर चालवायचं असतं ना. मग बाबा आईला म्हणायचे "त्याला सांग, लाइटबिल भरायचंय", आणि दादा समोरच बसलेला. दादा म्हणायचा "बाबांना सांग, भरलंय." आई मध्ये उभी राहून दोन्ही वाक्यं ऐकायची आणि तरी परत एकदा स्वतःच्या तोंडानं म्हणून दाखवायची, जरा मऊ करून. आई थकली की मला फोन. मग मी बाबांना फोन करायची, दादाला करायची, इकडचं तिकडे. आमच्या घरातलं बोलणं म्हणजे टपालखातं झालं होतं, त्यात आई आणि मी जुन्या, अनुभवी पोस्टमन, आणि अलीकडे एक नवीन भरती झाली होती ती म्हणजे हा चौदा वर्षांचा मुलगा. "आजोबांना सांग." "तुझ्या बापाला सांग."

यात जगावेगळं काही आहे असं मला तेव्हा अजिबात वाटत नव्हतं, आजही नाही वाटत. कितीतरी घरं अशीच चालतात आणि बरी चालतात. फक्त मला वाचायचा नाद आहे, त्यामुळे त्या पहिल्या सेशननंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचत सुटले आणि कळलं की आमच्या टपालखात्यावर लोकांनी सत्तर वर्षांपूर्वीच डोकं लावून ठेवलंय.

मरे बोवेन नावाचा एक अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ होता. त्याच्या आधीचा रिवाज असा की पेशंटला एकट्याला बघायचं आणि नातेवाईकांना दाराबाहेर ठेवायचं, फ्रॉइडला तर नातेवाईक म्हणजे ट्रीटमेंटमधला अडथळाच वाटायचे. बोवेननं १९५४ ते १९५९ या काळात तिथल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थमध्ये बरोबर उलटं केलं. स्किझोफ्रेनिया झालेल्या तरुण पेशंटबरोबर आधी त्यांच्या आयांना, आणि पुढे तर वडील, भावंडं असं अख्खं कुटुंबच वॉर्डात राहायला आणलं आणि दिवसरात्र ही माणसं एकमेकांशी कशी वागतात ते बघत बसला. कल्पना करा, आपलं अख्खं घर उचलून हॉस्पिटलात नेऊन ठेवलंय आणि कोणीतरी वहीत लिहून घेतंय! तर त्याच्या लक्षात असं आलं की घरातला ताण एका माणसाच्या अंगात मुक्काम ठोकून राहत नाही, तो फिरतो. आई जरा शांत झाली की मुलगा अस्वस्थ, मुलगा सावरला की वडील. आणि दोन माणसांमधला ताण फार वाढला की ती दोघं नकळत तिसऱ्याला मध्ये ओढतात, ओढलं की दोघांनाही तात्पुरतं बरं वाटतं. याला तो ट्रँगल म्हणायचा, त्रिकोण. त्याचं म्हणणं, नात्यांमधली टिकून राहणारी सगळ्यात छोटी रचना दोघांची नसतेच, तिघांची असते.

मला हे वाचताना बाबा, दादा आणि आई असा त्रिकोण तर दिसलाच, पण जास्त पटलं ते हे की त्रिकोण हा काही मूर्खपणा नाही. हुशारी आहे ती! आई मध्ये उभी राहिली म्हणून तर ती दोघं इतकी वर्षं एका छताखाली राहू शकली, नाहीतर केव्हाच कोणीतरी बॅग भरून निघालं असतं. अडचण एवढीच की मध्ये उभ्या माणसाचं काय होतं ते कोणी बघत नाही, आणि ज्या दोघांचा प्रश्न आहे त्यांना तो सोडवायची गरजच उरत नाही. त्यात ती मध्ये उभी राहणारी व्यक्ती मूल असेल तर काय, हा प्रश्न दुसऱ्या एका माणसाला पडला होता.

साल्वादोर मिनुचिन. जन्म अर्जेंटिनातला, काम अमेरिकेत, फिलाडेल्फियातल्या मुलांच्या एका क्लिनिकमध्ये. त्याच्याकडे डायबिटीस असलेली काही मुलं यायची ज्यांना इन्सुलिन वेळच्या वेळी दिलं तरी परत परत ॲडमिट करावं लागायचं आणि हॉस्पिटलात आली की सगळं आटोक्यात. मग त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. आईवडिलांना एका खोलीत बसवून त्यांच्यातल्या वादाच्या विषयावर बोलायला लावलं, मूल एकतर्फी काचेच्या पलीकडून बघतंय, आणि ठरावीक वेळानं सगळ्यांचं रक्त घ्यायचं, फॅटी ॲसिड मोजायला, जे ताणात वाढतं. नंतर मुलाला त्या खोलीत आणायचं. तर मूल आत आलं की आईवडिलांचे आकडे खाली यायला लागायचे आणि मुलाचे मात्र चढेच. म्हणजे पोर खोलीत आल्यावर मोठ्यांचा ताण उतरला, आणि उतरून गेला कुठे तर पोराच्या रक्तात. या कामावर पुढे टीकाही झाली, मुलं थोडी होती, निष्कर्ष फार ताणलेत वगैरे, आणि ती टीका रास्त आहे, उद्या कोणी यावरून डायबिटीस आईबापांमुळे होतो म्हणायला लागलं तर कठीणच. पण ते रक्ताचं वाचून मी पुस्तक बंद करून बराच वेळ बसले होते हे खरं.

कारण दुसऱ्या का तिसऱ्या वेळी बाईंनी भाच्याला एक प्रश्न विचारला होता. त्यांची प्रश्न विचारायची एक खोड होती, म्हणजे तेव्हा मला खोडच वाटली, त्या कोणालाही स्वतःबद्दल विचारायच्याच नाहीत. आईला विचारणार की दादा चिडलाय हे घरात सगळ्यात आधी कोणाला कळतं. वहिनीला विचारणार की बाबा खूश असले की सगळ्यात जास्त फरक कोणाला पडतो. तसं भाच्याला विचारलं, आजोबा आणि बाबा एका खोलीत आले की आजी काय करते? तो म्हणाला, आजी किचनमध्ये जाते. आणि आई? आई टीव्हीचा आवाज वाढवते. आणि तू काय करतोस रे? तो जरा लाजला आणि म्हणाला, मला टॉयलेटला जावं लागतं.

कोणी काही बोललं नाही. बाबांनी चष्मा काढून पुसला, जो काही खराब झालेला नव्हता.

ही प्रश्नांची पद्धत बाईंची स्वतःची नव्हती हे मला नंतर कळलं, तिला सर्क्युलर क्वेश्चनिंग म्हणतात आणि ती इटलीतल्या मिलान शहरातल्या एका गटानं घडवली, मारा सेल्विनी पालाझ्झोली आणि तिचे सहकारी, १९८० मध्ये त्यांनी ती लिहून प्रसिद्ध केली. कल्पना अशी की तुम्ही माणसाला त्याच्याबद्दल विचारलंत तर तो आपली बाजू मांडतो, वकिलासारखा. पण दुसऱ्या दोघांच्या मधल्या नात्याबद्दल विचारलंत तर तो जे दिसतं ते सांगतो. आणि बाकीचे ऐकत असतात. बाबांना आयुष्यात पहिल्यांदा नातवाच्या नजरेतून आपलं घर ऐकायला मिळालं, त्यासाठी कोणी त्यांना "तुम्ही चुकताय" म्हणावं लागलं नाही. तसं म्हटलं असतं ना, तर ते त्याच क्षणी उठून गेले असते, माझी पैज.

इथे एक सांगते, कारण आजूबाजूला बरेच जण मला विचारतात की काऊन्सेलर शेवटी कोणाची चूक आहे सांगतात का हो. नाही सांगत. सांगत असतील तर दुसरा काऊन्सेलर बघा. घरी निवाडा करायला माणसं कमी असतात का, मामा असतो, काका असतो, मोठी बहीण असते, आणि ते निवाडे किती टिकतात ते आपण बघतोच. नातेवाईक मध्यस्थी करतात तेव्हा ते त्रिकोणातला आणखी एक कोन होतात, दोन दिवसांनी त्यांच्याबद्दलही तक्रार सुरू. पैसे घेऊन बसलेल्या परक्या माणसाचा फायदा हाच की त्याला आपल्या घरात कोणाकडूनच काही नको असतं.

बरं, मग त्यांनी केलं काय? एक नियम दिला. निरोप न्यायचा नाही. कोणी "बाबांना सांग" म्हटलं की उत्तर एकच, "तुम्हीच सांगा की." बस. एवढंच. मी मनात म्हटलं एवढ्यासाठी आपण इतक्या लांब येतो आणि फी भरतो?

पण तो नियम पाळायला किती जड गेला म्हणून सांगू. आईला तर जमेचना, तिचं तोंड आपोआप उघडायचं. मला दादाचा फोन आला की बाबांना जरा विचारून बघ ना, आणि मी म्हटलं तूच विचार, तर तो इतका दुखावला की जणू मी नातंच तोडलं. आणि घरात जे व्हायला लागलं ते आधीपेक्षा वाईट होतं, हे कोणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगते. इतकी वर्षं जी शांतता होती ती गेली. एका रात्री बाबा आणि दादा खरंखुरं भांडले, मोठ्यानं, दारं आपटून, नोकरी सोडल्यापासूनचं सगळं निघालं, कोणी कोणाला तेव्हा विचारलं नाही, कोण हॉस्पिटलात आलं नाही, सगळं. वहिनीचा मला मेसेज, "बंद करूया का हे?" मी तो मेसेज बाईंना दाखवला तर त्या म्हणाल्या की छान, भांडताना कोणी कोणामार्फत भांडलं का? नाही ना? मग चालू ठेवा. आणि भाचा कुठे होता तेव्हा? वहिनी म्हणाली, त्याच्या खोलीत, गेम खेळत होता. पोट? पोटाचं काही म्हणाला नाही.

बोवेनचं यावर एक निरीक्षण आहे. घरातलं एक माणूस आपली नेहमीची वागणूक बदलायला लागलं की बाकीचे आधी म्हणतात तू चुकतोयस, मग म्हणतात पूर्वीसारखा हो म्हणजे आम्ही परत तुला आपलं म्हणू, आणि तरी नाही ऐकलं तर धमक्या, नाही ऐकलंस तर बघ काय होईल ते. या तिन्हीतून न भांडता आणि घर सोडून न जाता बाहेर आलं तर मग घर हळूहळू नव्या पद्धतीला रुळतं. मधल्या काळात बरेच जण काऊन्सेलिंग सोडून देतात, आणि मला ते अगदी समजतं, कारण बाहेरून बघताना ते बिघडल्यासारखंच दिसतं.

व्हर्जिनिया सॅटीर म्हणून एक अमेरिकन फॅमिली थेरपिस्ट बाई होत्या, त्यांच्याबद्दल वाचताना मात्र मी एकटीच हसत होते. त्यांचं म्हणणं होतं की ताण आला की बहुतेक माणसं चारपैकी एक पवित्रा घेतात. कोणी गयावया करून सगळ्यांना शांत करतं, कोणी बोट रोखून दोष देतं, कोणी एकदम कोरडं, मुद्देसूद, आकडेवारीसकट बोलायला लागतं जणू भावना नावाची गोष्टच नाही, आणि कोणी भलताच विषय काढून किंवा जोक मारून सगळं उधळून लावतं. त्या नुसतं सांगायच्या नाहीत, घरातल्या माणसांना तशा पोझमध्ये उभं करायच्या, एकाला गुडघ्यावर, दुसऱ्याला बोट रोखून, आणि म्हणायच्या आता असेच राहा थोडा वेळ, बघा अंग कुठे कुठे दुखतं ते. आता आमच्याकडे आई कुठली, बाबा कुठले हे सांगायची गरज नाही. दादा आकडेवारीवाला. आणि जोक मारणारी अस्मादिक. आम्हाला कोणी पोझमध्ये उभं केलं नाही, बाबांना तसं सांगायची कोणाची छाती होती, पण त्यानंतर फॅमिली ग्रुपवर काही तणातणी झाली आणि मी नेहमीसारखं काहीतरी फालतू फॉरवर्ड टाकायला गेले की हात थांबायचा.

आता जरा कटू भाग. या क्षेत्राचा इतिहास सगळा गोड नाही. १९४०-५० च्या दशकात मोठमोठे तज्ज्ञ छातीठोकपणे सांगायचे की स्किझोफ्रेनिया आईच्या वागण्यामुळे होतो, त्यासाठी खास नावसुद्धा होतं, आणि किती आयांनी ते ओझं जन्मभर वाहिलं असेल देव जाणे. ती कल्पना पुढे साफ मोडीत निघाली. त्याच्या जागी जे आलं ते जास्त प्रामाणिक आहे असं मला वाटतं. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन या समाजशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हॉस्पिटलमधून घरी गेलेल्या स्किझोफ्रेनियाच्या पेशंटांचा पाठपुरावा केला तेव्हा दिसलं की ज्या घरात सतत टीका, राग, किंवा (आणि हे वाचून मी दचकले) अति काळजी, अति जीव टाकणं असतं तिथे आजार उलटण्याचं प्रमाण जास्त. म्हणजे घर आजार देत नाही, पण घरातली हवा आजाराला मदत करू शकते आणि माणसालाही करू शकते. आणि ती हवा बदलता येते. घरच्यांना आजार नीट समजावून सांगितला, बोलायची पद्धत जरा बदलायला शिकवली तर आजार उलटणं कमी होतं, हे नंतर पुष्कळ अभ्यासांत परत परत दिसलंय, औषधं अर्थात चालू ठेवूनच. "फॅमिली काऊन्सेलिंगनं खरंच काही होतं का" असं विचारणाऱ्यांना मी हे सांगते, कारण यात कोणाला बरं वाटलं की नाही हा प्रश्नच नाही, माणूस परत ॲडमिट झाला की नाही हे मोजलंय.

आणि दुसरी कटू गोष्ट जास्त महत्त्वाची. घरात मारहाण होत असेल, धाक असेल, पैसे अडवणं, फोन तपासणं, बाहेर जाऊ न देणं असलं काही असेल तर सगळ्यांनी एकत्र बसून काऊन्सेलिंग करू नये. "दोघांचंही थोडं थोडं चुकतं", "सगळं एकमेकांवर अवलंबून असतं" ही भाषा तिथे घातक आहे, १९८० च्या दशकात स्त्रीवादी थेरपिस्टांनी याच मुद्द्यावर या अख्ख्या क्षेत्राला धारेवर धरलं होतं आणि बरोबरच होतं त्यांचं. जी बाई त्या खोलीत खरं बोलेल तिला त्याच माणसाबरोबर घरी जायचं असतं, हे विसरून कसं चालेल. तिथे आधी सुरक्षितता, आधी त्या व्यक्तीला एकटीला मदत, बाकी सगळं नंतर. म्हणूनच चांगले काऊन्सेलर सुरुवातीला प्रत्येकाला एकदा एकेकटं भेटतात. आमच्याही बाई भेटल्या होत्या, आणि तेव्हाच त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की एकटं असताना जे सांगाल त्यातलं काय त्या इतरांसमोर काढतील आणि काय नाही. हे आधी ठरवून घ्यायचं असतं. नाहीतर काऊन्सेलरच निरोप पोचवणारे होऊन बसतात!

नवराबायकोच्या भांडणांवर जॉन गॉटमन या संशोधकानं सिएटलमध्ये वर्षानुवर्षं काम केलं, जोडप्यांना एका अपार्टमेंटसारख्या लॅबमध्ये राहायला बोलवायचे, कॅमेरे लावायचे, भांडताना नाडीचे ठोके मोजायचे. त्याचा एक आकडा मला फार दिलासा देऊन गेला. जोडप्यांच्या मतभेदांपैकी जवळपास ६९ टक्के कधीच सुटत नाहीत, तीच माणसं काही वर्षांनी परत बोलावली तर त्याच विषयावर वाद घालत असतात. सुखी जोडप्यांचंही तेच! फरक फक्त कसं भांडतात यात. टीका, तुच्छता, स्वतःचा बचाव आणि तोंड बंद करून भिंतीसारखं बसणं, या चार गोष्टी तो धोक्याच्या मानतो आणि त्यातही तुच्छता सगळ्यात वाईट, म्हणजे ते डोळे फिरवणं, ते "हंऽऽ, आले मोठे शहाणे." हा अभ्यास जोडप्यांचा आहे, बापलेकांचा नाही, पण आमच्याकडे चारही गोष्टी उपलब्ध होत्या म्हणून मी तो आपला मानला. आणि मग हा प्रश्न सुटला, माझ्यापुरता, की दादानं नोकरी सोडायला नको होती हे बाबांचं मत बदलेल का. नाही बदलणार. बदलायची गरजही नाही.

पोरांच्या बाबतीत मात्र मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या मायकेल व्हाइट या फॅमिली थेरपिस्टची. लहान मुलं कपड्यात शी करतात, वय वाढलं तरी थांबत नाही, आणि सगळं घर त्या पोरावर वैतागलेलं, पोर स्वतःवर वैतागलेलं. यानं काय केलं, त्या शी होण्यालाच एक नाव दिलं, चोरटी शी म्हणू आपण, आणि पोराला विचारायचा की ही चोरटी शी तुला कधी कधी फसवते रे? तू तिला कधी फसवलंयस का? मग आईबाप आणि पोर एका बाजूला आणि ती चोरटी शी दुसऱ्या बाजूला. माणूस म्हणजे प्रॉब्लेम नाही, प्रॉब्लेम म्हणजे प्रॉब्लेम, असं त्याचं आणि त्याचा सहकारी डेव्हिड एप्स्टन याचं सूत्र. वाचायला बालिश वाटतं ना? पण घरात एखाद्याला "तो रागीटच आहे", "ती तशीच आहे" म्हणणं आणि "राग या घरात कधी येतो" असं विचारणं यात किती फरक आहे ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. आमच्या बाईंनी भाच्याला पोटदुखीचं नाव ठेवायला सांगितलं होतं. त्यानं ठेवलं. ते मी इथे लिहिणार नाही, त्याला आवडणार नाही, पण एवढं सांगते की नाव ऐकून बाबा पहिल्यांदा त्या खोलीत हसले होते.

घरातलं कोणी यायलाच तयार नसेल तर काय, असं बऱ्याच जणी विचारतात (जणीच विचारतात जास्त करून, यावर वेगळा लेख होईल). तर एकट्यानं जायलाही हरकत नाही. बोवेननं १९६७ मध्ये तज्ज्ञांच्या एका बैठकीत थिअरीवर भाषण द्यायच्या ऐवजी स्वतःच्या घराची गोष्ट सांगितली होती, भावंडं, आईवडील आणि त्यांच्यातले त्रिकोण, आणि त्यातून आपण स्वतः कसं बाहेर पडलो ते. मोठा तज्ज्ञ, पण घरी गेला की तोही कोणाचा तरी मुलगा आणि मोठा भाऊच. घरच्यांना त्यानं पेशंट वगैरे केलं नाही, फक्त आपल्या वाट्याचं वागणं बदललं, कोणाबद्दल कोणाच्या पाठीमागे बोलायचं नाही, जे ज्याचं त्याला थेट सांगायचं. तो म्हणायचा की एक माणूस बदलला आणि बदललेलाच राहिला तरी बाकीच्यांना हलावंच लागतं. वेळ लागतो. आणि त्या एका माणसाला खूप एकटं वाटतं, हे मी माझ्या पदरचं सांगते.

आमचं म्हणाल तर काही महिन्यांनी जाणं हळूहळू कमी झालं आणि मग थांबलं. भाच्याची पोटदुखी जादूसारखी गेली नाही, कमी कमी होत गेली, त्यात काऊन्सेलिंगचा वाटा किती, वयाचा किती आणि शाळेत नवीन मित्र मिळाला त्याचा किती हे कोण सांगणार. आईला सगळ्यात जास्त त्रास झाला असं मला वाटतं, कारण घरातलं तिचं कामच गेलं एका अर्थानं, मध्यंतरी ती उगाचच चिडचिड करायची आणि बाई म्हणाल्या होत्या की हे होणारच, तिला आता दुसरं काहीतरी स्वतःचं लागेल. तिनं पोहायला शिकायचं काढलं. या वयात! बाबांचा विरोध आहे, पण तो ते तिला स्वतःच सांगतात.

बाबा आणि दादा आजही जवळचे वगैरे झालेले नाहीत, गळाभेट वगैरे सिनेमातली. दादाच्या कामाचा विषय निघाला की अजूनही दोघांचे आवाज चढतात, पण मग बिल कोण भरणार हेही त्याच आवाजात तिथल्या तिथे ठरून जातं आणि मला फोन येत नाही. मध्ये एकदा मी बाबांना विचारलं की काय हो, बाईंचा उपयोग झाला का शेवटी? ते म्हणाले, "कसला उपयोग, त्यांनी काही केलंच नाही, नुसते प्रश्न विचारत होत्या. आणि तू हे मला विचारतेयस ते तुला दादानं विचारायला सांगितलंय का?"

नव्हतं सांगितलं. पण मी म्हटलं, त्यालाच विचारा की.